एकाच कॅनमध्ये

आई, आपल्या गावची डेरी बंद झाली. दादा तुला हे कधी सांगणार नाही. त्याला वाईट बातमी कळली की तो जेवण टाकतो आणि गोठ्यात जाऊन बसतो. बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. म्हणून मीच सांगते. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं आपल्या धम्मात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. आजोबांनी घरातले देव ओढ्यात सोडले तेव्हा त्यांच्यासोबत पितर, भुतंखेतं, पिंडाचा कावळा, सगळंच सोडलं. पण डेरीला कुलूप लागलेलं पाहून मी बारामतीला परत निघाले आणि निमगाव केतकीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभी असताना मला इतकं रडू आलं, की शेजारच्या बाईनं विचारलं, "कोन गेलं ओ, बाई?" मी म्हटलं, आई. तुला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील. तरी त्या बाईशी मी खोटं बोलले असं मला वाटत नाही.

दूध गोळा करायची एक खोली, तिला कुलूप लागलं म्हणून कुणी रडतं का? बाहेरच्या माणसाला हसूच येईल. पण त्या खोलीच्या आधी आपल्या घरात दूधदुभतं म्हणजे ताक, एवढंच होतं. वरच्या आळीला, सगळं गाव ज्यांना काकी म्हणायचं त्यांच्या घरी घुसळण असे त्या दिवशी तू मला घेऊन ताकाला जायचीस. ताक विकायचं नसतं, मागेल त्याला द्यायचं, ही गावाची रीत, आणि काकी ती पाळायच्या. आपल्यालाही कधी नाही म्हटलं नाही त्यांनी. फक्त आपलं भांडं उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि त्या वरून धार सोडायच्या. थोडं जमिनीवर सांडायचंच. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. तू वाटेत हसून म्हणायचीस, "आपल्याला लपवायची सोय कुठं हाय? आपलं भांडं आंगनातच ऱ्हातंय." मी पण हसायचे. ताक फार चांगलं असायचं, तेही सांगायला पाहिजे.

मग सरकारी योजनेतून आपल्याकडे जर्सी गाय आली. बाबांनी तिला पडवी दिली आणि आपण सगळे आत सरकलो. गाय दूध द्यायला लागली, चांगलं भांडं भरून द्यायला लागली, आणि तेव्हा कुठे मोठ्यांच्या लक्षात आलं की हे दूध घेणार कोण. गावात रतीब घालायचा म्हटलं तर आपल्या घरचं दूध कुणाच्या चुलीवर चढणार होतं? तू खरवस केलास, दही लावलंस, वस्तीत वाटलंस, आम्हा दोघांना पोट फुगेस्तोवर पाजलंस. बाबा गाय परत द्यायच्या गोष्टी करायला लागले होते. तेवढ्यात गावात डेरी निघाली.

पहिल्या दिवशी तिथे तू काय केलंस ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू दोन भांडी घेऊन गेलीस. एका हातात दुधाची किटली, आणि दुसऱ्या हातात झाकणाचा मोठा डबा, रिकामा, राखेनं घासून लख्ख केलेला. मी तुझा पदर धरून मागे. रांगेत आपण सगळ्यांच्या शेवटी उभ्या. आपली पाळी येते. डेरीवाले तात्या नमुना घेतात, दुधाची डिग्री बघतात आणि म्हणतात, "वता." तू रिकामा डबा पुढे करतेस.

"ह्यो कशाला?" तात्या विचारतात.

"आमच्या दुधाला," तू म्हणतेस.

तुला वाटलं होतं, आपलं दूध वेगळं ठेवतील, वेगळं पाठवतील, आणि त्याचा डबा आपणच न्यायचा असेल. विहीर वेगळी, मसणवटा वेगळा, तसं हेही. तात्या डब्याकडे बघतात, तुझ्याकडे बघतात. पुढे गेलेल्या बायका थबकून मागे वळतात. "बाई, गाडी येक हाय, टाकी येक हाय. तुमचं येगळं मी कुठं निऊ?" असं म्हणून तात्यांनी तुझ्या हातातली किटली घेतली आणि स्वतःच कॅनमध्ये उपडी केली. त्या कॅनमध्ये काकींचं दूध होतं, ते आपण रांगेतून पाहिलेलं होतं. तू कॅनच्या तोंडाशी वाकून बघत राहिलीस. तुझा पदर काठावरच्या दुधाला लागला, आणि तो मागे घ्यायचं तुला सुचलं नाही. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, काय झालं? "येकातच वतलं," एवढंच तू म्हणालीस आणि त्या रिकाम्या डब्यात ज्वारी भरून ठेवलीस.

गाव काही एका दिवसात सुधारलं नाही. काही घरं आपण पोहोचायच्या आधी दूध घालून यायला लागली, म्हणजे त्यांचा कॅन आधी भरून झाकला जावा. तात्या त्यांची थट्टा करायचे. "कॅन कंचा का आसंना, तिकडं टाकीत समदं येकच हुतंय. मग काय मुंबैला सोवळं घिऊन जानार व्हय?" लोकांना लवकरच पहाटे उठायचा कंटाळा आला. पुढे काकी आणि तू एकाच कट्ट्यावर बसून गाडीची वाट बघायला लागलात. गाभण गाई, महाग पेंड, कुणाच्या लेकीचं जमलं, असलं बोलणं. एकदा काकी म्हणाल्या, "तुज्या दुधानं आमच्या कॅनची फ्याट वाढती गं." हे वाक्य तू घरी येऊन सांगितलंस, बाबांना सांगितलंस, मामा आला की त्याला सांगितलंस. माझ्या बारावीच्या निकालाचंसुद्धा तू इतकं कौतुक केलं नाहीस. काकी आपल्या घरी मात्र कधी चहाला थांबल्या नाहीत. नेहमी घाईत असायच्या.

डेरीच्या एका कार्यक्रमात चेअरमन बोलले होते ते तुला आठवत असेल. मांडव, माईक, नारळ. ते म्हणाले, "गाव तालुक्याला जोडलं, तालुका जिल्ह्याला जोडला. आज आपलं दूध मुंबईला जातंय, उद्या समुद्रापल्याड जाईल. आता गावांच्या शिवा ऱ्हानार न्हाईत. ज्याच्या दुधाला फॅट त्याला भाव, मग तो कुनी का आसंना." टाळ्या पडल्या. तू पदर तोंडाला लावून बसली होतीस. आई, मी आता कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. प्रदेश एकमेकांना जोडले, बाजार एक झाले की काय होतं, हा धडा दरवर्षी येतो. आमच्याकडचे बाकीचे सर तो नोट्स सांगून संपवतात. मी मात्र फळ्यावर गावापासून बाण काढत काढत समुद्रापर्यंत नेते आणि सांगते की, माल फिरायला लागला की माणसांमधले बांध फुटतात, मालाला जात चिकटत नाही. मुलं लिहून घेतात. मला ते मनापासून खरं वाटत आलंय, कारण मी ते होताना पाहिलंय.

एकदा मात्र तू मला मारलंस. मी शाळेतून आले होते, तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. मी हसत हसत म्हटलं, "आये, मुंबैची मोठी मोठी मानसं आपलं दूध पित्यात आन् त्यास्नी पत्त्याच न्हाय. फशीवलं की न्हाय आपन?" तू पिठाचा हात तसाच माझ्या गालावर ठेवून दिलास. "फशीवलं? चोरून पाजतूय व्हय आपन? अंधारात उठून गोठा झाडते, गाईची कास धुते, गाळून दूध घालते, आन् फशीवलं म्हंतीस? कुनी इचारलं तर सांगायचं, आमच्या घरचं हाय. खुशाल सांगायचं." मी रडत उंबऱ्यात बसले. थोड्या वेळानं तू पहिली भाकरी माझ्या ताटात टाकलीस, वर साय घातलीस, आणि माझ्याकडे न बघता पुढची भाकरी थापायला घेतलीस.

तू गेलीस त्या दिवशीही संध्याकाळी दूध घालावंच लागलं; गाईला काय कळतं. दादा डोळे पुसत किटली घेऊन गेला. रांगेतल्या लोकांनी त्याला पुढे केलं. काकी आपल्या अंगणात आल्या, तुझ्या पायांशी बसल्या, मोठ्यानं रडल्या. आत आल्या नाहीत. पण त्या दिवशी आत कोणीच नव्हतं, सगळे अंगणातच होते. तेव्हापासून मी ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लावून बघते आहे.

आता वहिनीचं सांगते. तू तिला पाहिलं नाहीस, दादाचं लग्न तुझ्यानंतर झालं. बारावी झालेली आहे, हसरी आहे, कामाला वाघीण आहे. तिच्याकडे दोन गाई. कास धुतल्याशिवाय धार काढत नाही, तुझ्यासारखीच. मधल्या काळात खूप बदललं. कॅन गेले, मोठं थंड करायचं यंत्र आलं, तात्या गेले, त्यांचा पुतण्या बसायला लागला. चेअरमन म्हणाले तसं झालं, शिवा खरंच राहिल्या नाहीत. आपल्या दुधाची भुकटी समुद्रापलीकडे जायला लागली, आणि तिकडे भाव पडला की इकडे आपल्या गोठ्यात कळायला लागलं. परराज्यातल्या मोठ्या संघांचं दूध आपल्या बाजारात आलं. वाट दोन्ही बाजूंनी चालते, हे त्या मांडवात कुणी बोललं नव्हतं; मीही वर्गात ते शेवटच्या पाच मिनिटांत उरकते. मग आपली डेरी एका मोठ्या कंपनीनं चालवायला घेतली. त्यांचा माणूस वर्षभर येत-जात होता, पण ताकास तूर लागू देत नव्हता. शेवटी त्यानं डेरीपुढे बैठक घेतली. मी सुट्टीला गेले होते, म्हणून वहिनीबरोबर जाऊन बसले.

तरुण मुलगा, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणारा. म्हणाला की देशोदेशींचे करार होत आहेत, उद्या बाहेरचं दूध दारात येईल, त्याच्याशी टक्कर द्यायची तर त्याच तोडीचं दूध पाहिजे. त्यासाठी गाई मोकळ्या फिरतील असा मोठा मुक्त गोठा, यंत्रानं काढलेली धार, जागेवरच थंड केलेलं. "मेन म्हणजे दुधाला माणसाचा हात लागता कामा नये," तो म्हणाला. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. त्या पोराच्या मनात काही नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे; त्याला त्या वाक्याचा आपल्या गावातला इतिहास कुठून माहीत असणार? पण मला काकींच्या उंबऱ्याबाहेरचं आपलं भांडं आठवलं. आता टँकर थेट काकींच्या नातवाच्या गोठ्यावर जाणार, त्याच्याकडे सगळं आहे. दोन गाईवाल्यांनी यंत्र घ्यायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी उठून विचारलं, "मग दोन गाईवाल्यांनी काय करायचं?" त्याला कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं असावं. "मॅडम, तुम्ही तर इकॉनॉमिक्स शिकवता," तो हसून म्हणाला, "लहान लहान ठिकाणांहून गोळा करणं परवडत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू?" लोक हसले. मी खाली बसले. ते वाक्य मी स्वतः वर्गात किती वेळा म्हटलं असेल.

कुलूप लागलं आणि वहिनीपुढे तोच प्रश्न आला जो तुझ्यापुढे होता. दूध घेणार कोण? तिला तो प्रश्न जुना वाटलाच नाही. ती म्हणाली, "त्यात काय, रतीब घालीन. गावात काय कमी घरं हाईत?" तिनं नवी किटली आणली, लिटरचं माप आणलं, धुतलेलं पातळ नेसली आणि निघाली. खालच्या आळीची एक विधवा बाई, गावातलीच, आपल्या वस्तीतली नव्हे, तिचीही एकच गाय, तिचंही दूध बंद झालेलं. तीही त्याच आठवड्यात रतीबाला निघाली. कुणीही वहिनीला वाईट बोललं नाही, आई. सगळ्यांनी या, बसा केलं. "आमचं पिशवीचं चालू हाय गं." "पोरास्नी पिशवीचीच चव लागलीया." "फुडच्या म्हयन्यात बघू की." काकी आता अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्या नातसुनेनं वहिनीला पाणी दिलं आणि म्हणाली, आमच्याच घरी दूध उतू जातंय. ते तर खरंच आहे. पण त्या विधवा बाईला घरं मिळाली. पिशवीवाल्यांतलीच काही मिळाली.

मी पुढच्या रविवारी गेले तेव्हा वहिनी ओट्यावर बसून किटली घासत होती. "वन्सं, तिचं घर मधी पडतं, समद्यांच्या वाटंवर," ती म्हणाली. "म्हनून आसंल."

"असेल," मी म्हटलं.

"आन् ती येकटी बाई. लोकास्नी दया बी येती."

दादा आतून ओरडला, "आसंल-बिसंल न्हाय, हायच ते! कळत न्हाय व्हय तुमास्नी?"

"कुनी तोंडावर म्हनलं का तुमाला?" वहिनी शांतपणे म्हणाली.

"तोंडावर कोन म्हनतंय आता!"

वहिनी किटली घासतच राहिली. तिच्यापेक्षा माझं वय जास्त, शिक्षण जास्त, आणि मी तिला एक सरळ उत्तर देऊ शकले नाही. तुझ्या वेळी निदान भांडं अंगणात ठेवायला सांगायचे. कुठे उभं राहायचं ते कळायचं. वहिनीला काहीच कळायला मार्ग नाही. आई, मला वाटायचं त्या कॅननं गाव बदललं. आता वाटतं, त्यानं फक्त सगळ्यांची सोय केली. आपलं दूध घ्यायचं का नाही, हे इतकी वर्षं कुणाला ठरवावंच लागलं नाही. ते थेट टाकीत जात होतं आणि पिशवी होऊन परत येत होतं. कुणाचं मन वळलं असेल, कुणाचं नसेल. कॅन उचलला तेव्हा खाली काय आहे ते बघायची वेळ आली, आणि तेही धड दिसत नाही. मला याचं फार फार दुःख आहे. डेरी गेली त्याहून याचं जास्त आहे.

एक गाय विकायचं ठरत होतं. वहिनीनं दादाला थांबवलं. म्हणाली, तूप करून बघते, तूप नासत नाही. तिनं केलेलं तूप कणीदार होतं, घरभर वास सुटेल असं. एक बरणी तिनं मला दिली, घरी खायला.

माझ्या शेजारच्या बाई चांगल्या आहेत. माझ्या हॉलमध्ये भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तिच्याखाली बसून त्यांनी कितीदा चहा घेतला आहे. आजारपणात मला पेज करून आणतात. त्या दिवशी त्यांना वरणभातावर ते तूप वाढलं. "अगं बाई, काय तूप आहे हो! कुठून आणलंत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "इंदापूरकडून. ओळखीचे आहेत एक." हे माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की मलाच नंतर कळलं. त्यांनी कदाचित काहीच मनात आणलं नसतं. कदाचित त्यांना आनंदच झाला असता. ते बघायची संधीच मी त्यांना दिली नाही, स्वतःलाही दिली नाही. आता त्यांनी आणखी मागवलं, त्यांच्या जावेनं मागवलं, वरच्या मजल्यावर दोघींनी मागवलं. सगळ्या मला विचारतात, तुमच्या त्या ओळखीच्यांकडचं तूप कधी येणार?

वहिनीची गाय राहिली. ती फार आनंदात आहे. परवा फोनवर म्हणाली, "वन्सं, त्या बायास्नी सांगितलंय न्हवं, आमच्या घरचं हाय म्हनून?" मी हो म्हटलं. तर म्हणते, दिवाळीत बारामतीला येते, बरण्या माझ्या हातानं पोचवते, सगळ्यांची गाठ तरी पडेल. मी त्यालाही हो म्हटलं आहे.

हे पत्र गावी नेऊन तुझ्या फोटोपाशी ठेवावं असं लिहायला बसले तेव्हा मनात होतं. पण तुला वाचता येत नव्हतं. कुणीतरी तुला ते वाचून दाखवायला हवं, आणि आता त्या घरात दिवसभर असते ती एकटी वहिनी.